आत्याबाई, तुमची शपथ मी सोडवली

प्रिय आत्याबाई,

तुमच्या मंदाचं पायावर डोकं.

आज अक्षय तृतीया. सकाळीच तुमच्या नावाचा मातीचा करा पाण्यानं भरला, वर आंबा ठेवला, पुरणाचा निवद दाखवला. दरसाल एवढं करते, हात जोडते आन कामाला लागते. पण औंदा माझ्याच्यानं गप बसवंना! कालच आम्ही दोघं समुद्रावरून परतूरला आलो. अंगाला अजून मिठाची खाज सुटून राह्यली, कपडे बादलीत तसेच भिजत पडलेत, आन मी कागद घेऊन बसले. तुम्हाला सांगितल्याबिगर मला घास गोड लागायचा न्हाई.

तुमचा लेक वर्कशॉपवर गेलाय. घरात कुणी न्हाई. निवांत ऐका, फक्त मधी बोलू नका. जिवंतपणी तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू दिलं न्हाई, आता तरी करू द्या!

तर आत्याबाई, आपल्या घरात होडी हाय. हसू नका! तुम्ही गेल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही लेकीकडं, पूजाकडं, रत्नागिरीला गेल्तो. नात झाल्ती ना, तिला बघायला. तुमच्या लेकाला तिथंबी चैन पडंना. कुणीतरी सांगितलं, खाडीवर एका रिटायर्ड डॉक्टरांच्या शिडाच्या होडीचं इंजिन बंद पडलंय, मेकॅनिक हात लावायला तयार न्हाई. झालं! हे पाने-पकडी घेऊन गेले ते संध्याकाळी इंजिन चालू करूनच आले. डॉक्टर लेकाकडं परदेशात निघालेले. त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आन म्हणाले, "तुम्हीच घ्या ही. हिला असाच माणूस पाहिजे." माणूस दुरुस्तीला जातो आन होडी घेऊन घरी येतो! मी दोन दिवस बोलले न्हाई ह्यांच्याशी. तिसऱ्या दिवशी होडी बघायला गेले, आतल्या दोन गाद्या, एवढुशी शेगडी, भांड्यांची फळी बघितली, आन माझा राग कुठं गेला मलाच कळलं न्हाई.

जायच्या आधी डॉक्टरांनी आम्हाला सगळं शिकवलं. शीड चढवायचं कसं, नांगर टाकायचा कसा, वारा बघायचा कसा. शाळेत बाईंनी खारे वारे आन मतलई वारे पाठ करून घेतले होते, तवा वाटायचं, परतूरच्या पोरीला ह्याचा काय उपयोग? आता सांगते, सकाळी जमिनीकडून येतो तो मतलई, दुपारी समुद्राकडून येतो तो खारा, आन दोन्हीच्या जिवावर तुमची सून फिरून आली!

होडीला नाव तुमचंच दिलंय. गोदावरी. आपल्याकडं ट्रॅक्टरवर नावं काढणारा पेंटर हाय ना, त्यालाच पाट्या रंगवायला दिल्या. त्यानं दोन्ही बाजूला मोर काढले आन मागं "आईचा आशीर्वाद". शीड एका जागी उसवलं होतं ते आपल्या बशीरभाईनं शिवलं, ताडपत्र्या शिवायच्या मशीनवर. मशीनखाली मावंना म्हणून गल्लीत पसरलं, तर लोकं विचारून राह्यले, कुणाच्या घरी लग्न हाय? बशीरभाई म्हणाले, "भाभी, दत्ताभाई अपने गाँव का पहला खलाशी. पण ह्या खलाशाला पाण्यात न उतरायची कसम हाय ना? मंग कसं?"

बराबर विचारलं होतं त्यांनी. तोच तर घोर होता मला.

तुम्हाला आठवतंय का, लग्न होऊन मी आष्टीहून आले, हातावरची मेंदीबी उतरली न्हवती, आन तुम्ही मला चुलीपुढं बसवून पहिली गोष्ट काय सांगितली? स्वयपाकाचं न्हाई, देवाधर्माचं न्हाई. ह्याला पाण्याजवळ जाऊ द्यायचं न्हाई! लहानपणी म्हशी धुताना हे विहिरीत पडले, तुमच्या भावानं केसाला धरून वर काढलं. तुम्ही ओल्या पोराला तसंच देवापुढं उभं केलं आन शपथ घातली, "दत्त्या, गुडघ्याच्या वर पाण्यात गेलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." मी नवीन होते, भ्याले आन मान हलवली.

आन ह्यांनी ती शपथ पाळली. अशी पाळली, अशी पाळली, की काय सांगू! धंदा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, आन माणूस काठावर. विहिरीत गडी उतरणार, हे वरून दोर धरून "डावीकडं फिरव, आता उचल" करणार. सगळा तालुका हसायचा. माझ्या माहेरच्या विहिरीत मी पाठीला तेलाचा डबा बांधून पोहायला शिकले, आन माझा नवरा नदीच्या काठाला चपला काढून बसणारा!

तुम्ही असताना ठीक होतं. पण तुम्ही गेलात, आन तरी हे उतरंनात. मला वाटलं, सवय. मंग वाटलं, भीती. पण भित्र्या माणसानं होडी घेतली असती का? शपथ घालणाऱ्यानंच "सुटली" म्हणायचं असतं, तवाच ती सुटती. लहानपणी आम्ही पोरी दिवसभर एकमेकींना शपथा घालायचो आन दिवे लागायच्या टायमाला "सुटली म्हण, सुटली म्हण" करत मागं पळायचो. तुम्ही न म्हणताच गेलात आत्याबाई! एवढ्या पक्क्या बाई तुम्ही, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायचं कधी विसरला न्हाईत, आन हेच कसं विसरलात?

जाऊ द्या. प्रवासाचं ऐका.

रत्नागिरीहून निघायचं, किनारा सोडायचा न्हाई, दुपारचा वारा चढायच्या आत कुठल्यातरी खाडीत शिरायचं, असं करत देवगडपर्यंत जायचं आन परत यायचं, असा बेत. मी ज्वारीचं पीठ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घेतली. अंबडहून पिशवीभर मोसंबी आणली. मोसंबीचा लई उपयोग झाला, पोटात ढवळलं की एक फोड चोखायची.

आन पाणी! आपल्याकडं नळ आठवड्यानं येतो, तो आला की आपण वाटी-चमच्यासकट सगळं भरून ठेवणारी माणसं. मी होडीतबी तेच केलं. कॅन भरले, बाटल्या भरल्या, कुकर भरला, दोन कळशा भरून शेगडीपाशी कोंबल्या. समुद्रात गोडं पाणी कुठं मिळणार? निघालो, तर होडी एका अंगाला कलती. हे म्हणाले वाऱ्यानं. मी म्हणले वाऱ्यानं. दोघंबी शीड ओढून ओढून घामाघूम. विजयदुर्गाला धक्क्यावर एक कोळीण जाळं झाडत होती. तिनं आमच्याकडं बघितलं आन खो खो हसली, "काकीनू, ह्यो टँकर खंय घेवन चललात?" सगळं पाणी मी एकाच बाजूला भरलं होतं, आत्याबाई! अर्धं पाणी तिला देऊन टाकलं, तवा गोदावरी सरळ उभी राह्यली. तिनं बदल्यात दोन ताजे बांगडे दिले. माळकरी न्हाई आपण, खाल्ले!

पण काय मजा, काय मजा! सकाळी वारा पाठीत घेतला की गोदावरी अशी पळायची, की मला ओरडल्याशिवाय राहवंना. मी खरंच ओरडायचे, कोण ऐकणार हाय तिथं? आपल्याकडं मी मोठ्यानं हसले तरी तुम्ही उंबऱ्यातून बघायचा. तिथं मी पदर खोचून सुकाणू धरलं आन गळा काढून गाणी म्हणली. हे म्हणाले, "मंदे, सारे मासे पळून जातील." एकदा डॉल्फिन आले बाजूला. मोठमोठाले, काळेभोर, पाठी चमकत्यात! मी ह्यांना हलवून हलवून दाखवून राह्यले, आन हे इंजिनाच्या झाकणात डोकं घालून बसलेले. वर येईपर्यंत गेले डॉल्फिन. अजून हे मानत न्हाईत!

फक्त उतरायची वेळ आली की वरात. छोट्या रबरी होडीतून वाळूवर जायचं, तर मी गुडघाभर पाण्यात उतरून दोर ओढणार आन तुमचा लेक नवरदेवासारखा मधी बसून राहणार. शपथ गुडघ्याच्या वरची, पण वाळू पार कोरडी लागली की मंगच ह्यांचा पाय खाली. एका बीचवर दोन पोरी आमचा व्हिडिओ काढून राह्यल्या होत्या. मला लाज वाटली का? बिलकुल न्हाई. पण वाईट वाटलं. एवढा समुद्र, एवढं निळं पाणी, आन माझा माणूस त्याचा एक थेंबबी पायाला लावून घेईना. ह्यांचे डोळे मी बघत होते ना. लहान पोरगं मिठाईच्या दुकानापुढं उभं राहतं तसं पाण्याकडं बघायचे.

आता खरी गोष्ट.

देवगडच्या अलीकडं एका छोट्या खाडीत आम्ही इंजिनावर शिरत होतो. कुणाच्या तरी जुन्या जाळ्याचा दोर पाण्यात तरंगत होता, तो होडीखालच्या पंख्याला गुंडाळला. इंजिन गचके देऊन बंद. हे ओरडले, "नांगर टाक!" मी टाकला. पाणी माझ्या गळ्याला लागेल एवढं, खाली वाळू. पण ओहोटी सुरू झाल्ती. थोड्या वेळात पाणी खाली गेलं तर गोदावरी वाळूवर बसणार आन आडवी पडणार. मी पदर कमरेला बांधला, विळा घेतला आन शिडीवरून उतरले. डुबकी मारून बघितलं, तर दोर पिळून पिळून बसलेला. एकानं तो ताणून धरायचा, दुसऱ्यानं कापायचा, असं काम. एकट्या बाईचं न्हाईच.

वर आले, म्हणले, "आवो, उतरा. दोर धरायला पाहिजे."

हे वर होडीच्या काठाला धरून उभे. तोंड पांढरं पडलेलं.

"मंदे, मला न्हाई जमायचं."

"आवो, पाणी गळ्याएवढंच हाय! मी हाय ना!"

"पाण्याला न्हाई गं भीत मी."

"मंग?"

मंग ह्यांनी सांगितलं, आत्याबाई. इतकी वर्षं एका ताटात जेवलो, आन ही गोष्ट ह्यांनी मलाबी सांगितली न्हवती. तुम्ही गेलात त्या आठवड्यात दुधनेला पूर आल्ता. एका शेतकऱ्याची मोटार पुरात वाहून चालली होती, गडी कुणी न्हवता, आन हे कमरेएवढ्या पाण्यात उतरून मोटार ओढून घेऊन आले. आयुष्यात पहिल्यांदा. तसेच ओले घरी आले, तुमच्या खाटेपाशी बसले. आन दोन रोजांनी तुम्ही गेलात.

"मी पाण्यात गेलो आन आईचं मेलेलं तोंड बघितलं," हे म्हणाले. "म्या मारलं तिला, मंदे."

अगं बाई! मी पाण्यात उभी, हातात विळा, आन मला रडावं की ह्यांच्या डोक्यात टपली मारावी कळंना. तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरनं सांगून ठेवलेलं, महिना काढला तरी लई. तुमचं हृदय थकलं होतं, सगळ्यांना माहीत होतं. आन हा माणूस तीन वर्षं मनात हेच धरून फिरून राह्यलाय!

पण आत्याबाई, त्या दिवशी खाटेच्या दुसऱ्या बाजूला मी होते. मी सारं बघितलंय. हे मान खाली घालून बसले होते, पँट कमरेपर्यंत ओली, गाळानं भरलेली; मला वाटलं, पावसाचा चिखल. तुम्ही बघितलंत. तुमची नजर त्या वयातबी घारीची! खालून वर बघितलंत, कमरेपर्यंत. कुठं गेल्तास, विचारलं न्हाई. ओरडला न्हाईत. हात उचलत न्हवता तरी पदराचं टोक ओढलंत आन ह्यांचा हात पुसला, मनगटापासून बोटापर्यंत, आन हसलात. मला तवा कळलं न्हाई काऊन हसलात. पुराचं पाणी कमरेला लावून पोरगं जिवंत परत आलं म्हणून हसलात ना? म्हणजे तुमच्या मनानं तवाच सोडली होती शपथ! फक्त तोंडानं म्हणायची राह्यली.

हे मी पाण्यातून ओरडून ह्यांना सांगितलं. हे ऐकून राह्यले, डोळ्यातून धारा. पण पाय हलंना.

"तिनं म्हणलं न्हाई ना पण," म्हणाले. "सुटली म्हणलं न्हाई."

आता काय करावं? पाणी गळ्यावरून छातीवर आलेलं. मंग मला तुमचा राग आला, खरं सांगते. आन त्या रागातच सुचलं. तुमच्या किल्ल्या माझ्या कमरेला, तुमची पळी माझ्या हातात, तुमच्या देवाला फुलं मी वाहते, तुमच्या नावाचा करा मी भरते. मंग तुमच्या जागी बोलायचा हक्क माझा न्हाई तर कुणाचा? विळा शिडीला अडकवला, दोन्ही हात कमरेवर ठेवले, आन तुमच्याच आवाजात, तुम्ही मागच्या दारातून हाक मारायचा तशीच, ओरडले:

"दत्त्या! ए मुडद्या! सुटली म्हणलं ना! उतर खाली, का येऊ निंबाचा फोक घेऊन?"

आत्याबाई, खाडीतले बगळे उडाले! हे दचकले. खरंच दचकले, इकडंतिकडं बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं. रडताना हसू फुटलं की माणूस कसा दिसतो, तसे दिसत होते. "अगदी तिच्यासारखं," म्हणाले. आन वळून शिडीवर पाय ठेवला.

पाऊल भिजलं. पोटरी भिजली. गुडघ्याला पाणी लागलं आन हे थांबले. डोळे मिटले, मनात काहीतरी म्हणले, आन पुढची पायरी उतरले. मांडी, कमर, छाती. वाळूला पाय टेकले तसा माझा दंड असा पकडला, की अजून निळा डाग हाय, बघा!

दोर कापला आम्ही. हे ताणून धरायचे, मी डुबकी मारून कापायचे. मोकळा झाला तसं मी म्हणले, चला वर. तर वर येतंय कोण! हे पाण्यात उभे राहून हातानं पाणी उडवून राह्यले, तोंडावर घेऊन राह्यले, चाखून "थू, किती खारट" म्हणून राह्यले. साठीला आलेला माणूस! शेवटी गोदावरी वाळूला घासायला लागली तवा मीच कान धरून वर काढलं. तुमच्यासारखंच.

येताना वारा सगळा तोंडावर, शिडाचा काही उपयोग न्हाई, इंजिनाची कृपा. पण रोज सकाळी हे माझ्या आधी पाण्यात. कधी गुडघ्यापर्यंत उभे, कधी गळ्यापर्यंत. एक दिवस मला म्हणाले, "मंदे, आईला लिही. तुझं अक्षर चांगलं हाय." म्हणून हे पत्र. विचारायला न्हाई लिहीत हं! मी तुमच्या आवाजात बोलले ते बोलले, त्याची माफी मागणार न्हाई. तुम्हाला आवडलं असणार, मला माहीत हाय. तुमच्या तोंडून राह्यलेलं एक वाक्य मी पुरं केलं. माझी तुम्ही किती अर्धी ठेवलीत, मोजा!

आज तुमच्या कऱ्यात एक घोट देवगडच्या समुद्राचं पाणी घातलंय. बाटलीत भरून आणलं. आज तरी म्हणू नका, मंदे, मीठ जास्ती झालं.

आन वचन देते. आता पावसाळ्याआधी ह्यांना मी पोहायला शिकवणार, माझ्या माहेरच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. तेलाचा रिकामा डबा कालच घासून ठेवला. घाबरू नका. त्यांना पोहता येईपर्यंत मी त्यांचा हात सोडणार न्हाई, आन पाण्यातून रोज घरी आणून तुमच्या फोटोपुढं उभं करीन. ओल्या अंगानं. तुम्ही मोजून घ्या.

तुमची सून,
मंदा

ता. क. हे जेवायला आले, पत्र बघितलं, आन पेन हातातून घेऊन खाली एवढंच लिहिलं:

आई, गळ्यापर्यंत गेल्तो. मंदा संगं होती. — दत्त्या